महाकाय मांसाहारी डायनोसॉर: धावते शिकारी की संथ मृतभक्षक?

टायरॅनोसॉरस रेक्स आणि त्याच्या जातकुळीतले महाकाय डायनोसॉर जिवंत भक्ष्य मारून पोट भरत, की दुसऱ्याने मारलेल्या किंवा आपसूक मेलेल्या जनावरांवर जगत, हा पुराजीवशास्त्रातला शंभर वर्षांहून जुना वाद आहे. त्यात दोन प्रश्नांची गल्लत झाली आहे: प्राणी किती वेगाने पळे आणि तो काय खाई. जो संथ तो मढ्यांवर जगणारा, असे धरून चालल्यामुळेच वाद इतका लांबला. हाती असलेला पुरावा असा आहे की, पूर्ण वाढलेला टायरॅनोसॉरस पळण्यात मंदच होता, तरी शिकार करी. आयते मढे मिळाले तर तेही सोडत नसे.

रापण ओढली जात असताना कोकणच्या किनाऱ्यावर उभे राहिले, तर या वादातली अर्धी गाठ तिथेच सुटते. जाळे उथळ पाण्यात आले की घारी झेप घेऊन उसळती तारली वरच्यावर उचलतात. माणसे पांगली की वाळूत राहिलेली मेलेली मासळीही त्याच घारी नेतात. काकण, म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, जिवंत समुद्रसाप धरतो आणि किनाऱ्याला लागलेले मढेही टोचतो. बिबट्या वाडीतला कुत्रा उचलतो, तसाच मेलेल्या गुरावरही येतो. मांस खाणाऱ्या बहुतेक जनावरांची हीच रीत आहे. केवळ मढ्यांवर जगणे हा अपवाद.

टायरॅनोसॉरस ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात राहत होता. बार्नम ब्राउन यांना १९०२ साली मोंटाना राज्यात त्याचा सांगाडा सापडला आणि १९०५ साली हेन्री ऑस्बॉर्न यांनी त्याला नाव दिले. लांबी सुमारे १२ मीटर, म्हणजे एसटीच्या गाडीएवढी; वजन ८ टनांच्या आसपास. वादाला तोंड मात्र त्याच्या नात्यातल्या गॉर्गोसॉरसमुळे फुटले. त्याचे दात फारसे झिजलेले नाहीत, तेव्हा तो मऊ पडलेले, कुजके मांस खात असावा, असे लॉरेन्स लॅम्ब यांनी १९१७ साली लिहिले. या प्राण्यांचे दात जन्मभर पडत आणि नवे येत, हे ध्यानात घेतले की या युक्तिवादात काही उरत नाही.

१९९० नंतर जॅक हॉर्नर यांनी हा विचार नव्या जोमाने मांडला. हात जेमतेम मीटरभर, मग भक्ष्य धरणार कशाने? मेंदूतला वासाचा भाग मोठा, म्हणजे दूरवरची दुर्गंधी हुंगण्यासाठीच. मांडीचे हाड नडगीपेक्षा लांब, आणि पळणाऱ्या जनावरांत नेमके उलटे असते. दात तर तरसासारखे हाडे फोडणारे. मुद्दे बिनतोड वाटतात, पण एकेक तपासला की सैल पडतो. शार्कला हात नसतात. वासावर माग काढणे लांडग्यालाही लागते. आफ्रिकेतले ठिपकेदार तरस हाडे फोडते खरे, पण आपले बरेचसे अन्न ते स्वतः मारूनच मिळवते. शिवाय टायरॅनोसॉरसचे डोळे समोर वळलेले होते. दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी दिसणारा पट्टा सुमारे ५५ अंशांचा, ससाण्यापेक्षाही रुंद, असे केंट स्टीव्हन्स यांनी २००६ साली दाखवले. अंतर अचूक जोखणारी अशी नजर पडलेल्या मढ्यासाठी लागत नाही.

तरी हे सारे अंदाजच. खरा निकाल जखमांनी दिला. आंब्याच्या खोडात खिळा ठोकला की काही पावसाळ्यांत साल चढून तो आत गडप होतो. वठलेल्या झाडात ठोकलेला खिळा होता तसाच बाहेर राहतो. हाडाचेही तसेच आहे. दाताच्या घावाभोवती नवे हाड चढले असेल, तर घाव बसला तेव्हा जनावर जिवंत होते आणि नंतरही बरेच दिवस जगले. एडमोंटोसॉरस हा चोच असलेला, शाकाहारी डायनोसॉर. डेन्व्हरच्या संग्रहालयातल्या त्याच्या एका सांगाड्यात शेपटीच्या मणक्यांचे वरचे काटे चावून तोडलेले आहेत आणि हाड पुन्हा भरून आले आहे. केनेथ कार्पेंटर यांनी १९९८ साली हे उजेडात आणले. २०१३ साली त्याहून बोलका पुरावा प्रसिद्ध झाला. दक्षिण डाकोटात सापडलेल्या शेपटीच्या दोन मणक्यांमध्ये टायरॅनोसॉरसच्या दाताचा तुकडा मोडून रुतला आहे, आणि त्याच्याभोवती हाड वाढून दोन्ही मणके एकजीव झाले आहेत. शिकाऱ्याने मागून शेपूट धरली, दात मोडला, भक्ष्य निसटले. हुकलेल्या शिकारीची यापेक्षा स्पष्ट नोंद दगडात मिळणे अवघड.

वेगाचा हिशेब निराळा. त्याची एक पद्धत ओहोटीच्या वेळी कोणत्याही पुळणीवर करून पाहता येते. ओल्या वाळूत चालावे आणि उजव्या पावलाच्या ठशापासून पुढच्या उजव्या ठशापर्यंतचे अंतर मोजावे. कमरेच्या सांध्याची उंची ९० सेंटिमीटर आणि हे अंतर १ मीटर ४० सेंटिमीटर असेल, तर मॅकनील अलेक्झांडर यांच्या १९७६ सालच्या सूत्राप्रमाणे वेग ताशी सुमारे साडेपाच किलोमीटर येतो. पळताना हेच अंतर दुप्पट झाले, तर वेग ताशी १८ किलोमीटरच्या जवळ जातो. जीवाश्म झालेल्या पायठशांवरून डायनोसॉरांचे वेग याच सूत्राने काढतात.

टायरॅनोसॉरसच्या बाबतीत अधिक उपयोगी पडले ते स्नायूंचे गणित. हचिन्सन आणि गार्सिया यांनी २००२ साली दाखवले की, त्याला खरोखर भरधाव पळायचे तर एकेका पायात शरीराच्या सुमारे ४३ टक्के वजनाचे स्नायू हवेत. मग धड, डोके आणि शेपूट मावणार कुठे? पुढच्या अभ्यासांत ताशी २० ते ३० किलोमीटरच्या दरम्यानचे आकडे आले. २०१७ सालच्या एका संगणकीय प्रतिकृतीत तर पळण्याच्या ताणाने त्याची हाडेच मोडू लागली, म्हणून तो झपझप चालण्यावरच भागवत असावा असा निष्कर्ष निघाला. हत्तीही चौखूर उधळत नाही, तरी त्याच्यापुढे माणूस पळून सुटेलच असे नाही. शिकाऱ्याला आपल्या भक्ष्यापेक्षा किंचित सरस असणे पुरते, आणि इथे भक्ष्यही टनावारी वजनाचे होते. त्यातून, एवढ्या आकाराच्या इतर मांसाहारी डायनोसॉरांपेक्षा हा प्राणी जागच्या जागी चपळाईने वळू शके, असे २०१९ सालच्या अभ्यासात आढळले. दबा धरणे, जवळून हल्ला करणे आणि एका चाव्यात हाड फोडणे, अशी त्याची रीत असावी. मागच्या एका दाताखालचा जोर ३५,००० ते ५७,००० न्यूटन (न्यूटन हे बलाचे एकक) असावा, असा अंदाज आहे.

पिल्ले मात्र लांब पायांची, सडपातळ आणि पळणारी होती. २०२३ साली एका अर्धवट वाढलेल्या गॉर्गोसॉरसच्या पोटात पक्ष्यासारख्या दोन छोट्या डायनोसॉरांचे पाय सापडले. एकाच जातीत लहानगा धावता शिकारी आणि प्रौढ संथ शिकारी असू शके. ‘वेगवान की मंद’ असे विचारताना कोणत्या वयातला, हे आधी विचारायला हवे.

आता केवळ मढ्यांवर जगणाऱ्यांविषयी. पाठीचा कणा असलेल्या आजच्या प्राण्यांत हे गिधाडांनाच साधले आहे. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातल्या चिरगाव परिसरात पांढऱ्या पाठीची गिधाडे घरटी करतात. तापून वर चढणाऱ्या हवेवर ती पंख न हलवता तासन्‌तास तरंगतात, त्यामुळे मैलोगणती शोध घेण्याला फारशी ताकद खर्च होत नाही. एवढे असूनही ही भिस्त किती जोखमीची आहे ते आपल्या डोळ्यांसमोर घडले: गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे औषध मढ्यातून गिधाडांच्या पोटात गेले आणि देशभर त्यांचा सडा पडला. २००६ साली भारतात गुरांसाठी त्यावर बंदी आली. आठ टनांचे धूड पायी हिंडवून मढी शोधणे याहून कितीतरी महाग. २०११ साली मांडलेल्या गणितानुसार लहान मांसाहारी डायनोसॉर संख्येने इतके जास्त होते, की बहुतेक मढी टायरॅनोसॉरस पोहोचण्याआधीच फस्त होत. मात्र मिळालेले मढे तो खाई. त्याच्याच जातीच्या हाडांवर त्याच्या दातांचे न भरलेले व्रण आहेत.

जांभ्याच्या सड्यावर पावलासारखा खळगा दिसला की ‘हा डायनोसॉरचा ठसा का?’ असे कोकणात हमखास विचारले जाते. तो तसा नसतो. कोकणचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे टायरॅनोसॉरसच्या अखेरच्या दिवसांतलाच. पण तप्त लाव्हात हाड टिकत नाही, आणि जांभा हा पुढे त्याच कातळाची झीज होऊन बनलेला. भारतातले मांसाहारी डायनोसॉर लॅमेटा नावाच्या गाळाच्या खडकांच्या थरांतून मिळतात. गुजरातेत रहिओली येथे सापडलेल्या राजासॉरसला २००३ साली नाव मिळाले. महाराष्ट्रात त्यासाठी किनारा सोडून चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला जावे लागते. तिथे डायनोसॉरांची दगड झालेली विष्ठा मिळते, आणि २००५ साली तिच्यात गवताचे अंश ओळखले गेले.