नांदूर मधमेश्वर

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमावरील बंधाऱ्यामागे तयार झालेली पाणथळ जागा व तिच्याभोवतीचे पक्षी अभयारण्य. नाशिकच्या पूर्वेस सुमारे ४० किमी.वर, निफाडच्या दक्षिणेस. अभयारण्याची घोषणा १९८६ मध्ये झाली. २१ जून २०१९ रोजी हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले (क्रमांक २४१०). क्षेत्रफळाचे आकडे वाचताना मात्र सावध राहावे लागते. अभयारण्याचे क्षेत्र १०,०१२ हेक्टर, म्हणजे सुमारे १०० चौ.किमी. असे दिले जाते, तर रामसर स्थळाचे अवघे १,४३७ हेक्टर आहे. पहिल्या आकड्यात गावे, द्राक्षबागा, उसाचे फड असा सारा परिसर येतो. दुसरा आकडा पाणी, दलदल आणि काठची झाडी एवढ्यापुरता आहे. पक्ष्यांच्या वस्तीचा विचार करताना दुसरा आकडाच धरावा.

नाव : ‘मधमेश्वर’ व ‘मध्यमेश्वर’ ही दोन्ही रूपे लिहिली जातात. बोलण्यात पहिलेच ऐकू येते. नदीपात्रातील खडकावर, प्रवाहाच्या मधोमध असलेला देव तो मध्यमेश्वर, ही व्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते. जागा पाहिली की ती पटतेही. परंतु मध्यमेश्वर हे शिवाचे जुने नाव असून काशीतही या नावाचे लिंग आहे. गढवालातील मद्महेश्वराचे नावही याच कुळातले दिसते. त्यामुळे आधीच प्रतिष्ठा पावलेले नाव येथील लिंगाला मिळाले व संगमाच्या स्थानामुळे ते अधिक रुजले, असे मानणे जास्त सयुक्तिक वाटते. ‘नांदूर’चा संबंध काही जण नांदरुक या झाडाशी जोडतात. ‘नंदिपूर’पासून ‘नांदूर’ हा प्रवास मराठीच्या ध्वनिनियमांना अधिक धरून आहे. पुढील ‘पुर’चे ‘ऊर’ होणे व ‘नन्द’चे ‘नांद’ होणे या दोन्ही गोष्टी नेहमीच्याच आहेत. नंदितटाचे नांदेड झाले, हे उदाहरण जवळचेच आहे. नाशिक-अहिल्यानगर भागात नांदूर नावाची गावे अनेक असल्याने ओळखीसाठी देवाचे नाव पुढे लागले असावे. येथील मृगव्याधेश्वराच्या मंदिराशी रामाने मारीचाचा माग काढल्याची कथा जोडलेली आहे.

भूरचना : पायाचा खडक दक्खनच्या पठाराचा बेसाल्ट व त्यावर नदीने आणलेला जाड गाळ. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने भोवतालचा मुलूख निमकोरडा आहे. गोदावरीला इकडे ‘गंगा’च म्हणतात व काठच्या पट्ट्याला गंगथडी. खाणगाव थडी या गावाच्या नावात हीच ‘थडी’ आहे. संगमाला येणारी कादवा दिंडोरी तालुक्यातून, पालखेड धरणावरून येते. इगतपुरी तालुक्यातील कादवा धरण ज्या नदीवर आहे ती दारणेला मिळणारी वेगळी कादवा. नामसाम्यामुळे या दोन नद्यांची गल्लत वारंवार होते. दारणा नदी बरीच वर, दारणासांगवीजवळ गोदावरीला मिळते.

जुन्या गाळातील अवशेष : या परिसराला पक्ष्यांच्या आधी नाव मिळवून दिले ते एका हत्तीने. गाय पिल्ग्रिम या भूवैज्ञानिकाने गोदावरीच्या गाळात सापडलेल्या प्रचंड हत्तीच्या अवशेषांचे वर्णन १९०५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. हा हत्ती आज पॅलिओलोक्सोडॉन नमाडिकस या नावाने ओळखला जातो. नावातील ‘नमाडिकस’ नर्मदेवरून आले आहे व कालनिश्चितीचा वादही तेथूनच सुरू होतो. नर्मदेच्या गाळात तीच जात सापडते, म्हणून गोदावरीचा गाळही तितकाच जुना, म्हणजे मध्य प्लाइस्टोसीन (हिमयुगांच्या कालखंडाचा मधला भाग) काळातला, असे पूर्वी गृहीत धरले जाई. ही जात पुष्कळ काळ टिकून होती. त्यामुळे केवळ तिच्या हाडांवरून थराचे वय ठरवणे धोक्याचे आहे. पश्चिम महाराष्ट्रातील नद्यांच्या गाळाच्या पुढील अभ्यासांत त्याचा बराचसा भाग उत्तर प्लाइस्टोसीन काळातला असल्याचे दिसले. गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील वाळू-गोट्यांच्या थरांतून अश्मयुगीन हत्यारेही मिळाली आहेत. ती हत्यारे आणि ही हाडे एकाच काळातली आहेत काय, हे प्रत्येक थराच्या तपासणीनंतरच सांगता येते. सरसकट उत्तर देऊ नये.

बंधारा : बहुतेक संदर्भांनुसार बांधकाम १९०७ ते १९११ दरम्यानचे. पाणी साठवणे हा त्याचा मुख्य हेतू नव्हता. वरच्या धरणातून नदीत सोडलेले पाणी येथे अडवून कालव्यांत वळवायचे, अशी योजना होती. दारणा धरण १९१६ मध्ये पूर्ण झाले. म्हणजे पाणी वळवणारा बंधारा आधी आणि त्याला पाणी पुरवणारा जलाशय नंतर, असा क्रम होता. येथून निघणाऱ्या गोदावरी उजव्या व डाव्या कालव्यांवर कोपरगाव, राहाता भागातील ऊस उभा राहिला. नंतरचा जलद कालवा वैजापूर-गंगापूर तालुक्यांकडे जातो. बंधाऱ्याची क्षमता २५७ दशलक्ष घनफूट आहे. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाची ५,६३० आहे, यावरून त्याचा लहानपणा कळतो. पावसाळ्यात मात्र नाशिकची धरणे भरली की जायकवाडीकडे जाणारे पाणी याच बंधाऱ्यावरून मोजले जाते आणि रोजच्या बातम्यांत त्याचे नाव क्युसेकच्या (सेकंदाला किती घनफूट पाणी, या) आकड्यासह येते.

बंधाऱ्यामागे प्रवाह मंदावतो व गाळ खाली बसतो. शतकभरात साठलेल्या या गाळातून उथळ पाणी, चिखलपट्टे, छोटी बेटे व पाणकणसाची बेटाडे तयार झाली. वळवलेले पाणी कालव्याने शेताला गेले आणि मागे राहिलेल्या गाळावर पक्षी आले. कालव्यांना सिंचनाचे आवर्तन (पाण्याची पाळी) सुटले की पाण्याची कड काही हात मागे सरते. ओल्या चिखलावर तुतवार या छोट्या पाणपक्ष्यांची रांगोळीसारखी पावले उमटतात. बाकदार चोचीचे शराटी चोच खुपसत पुढे सरकतात आणि चमच्यासारख्या चोचीचे चमचे पक्षी उथळ पाण्यात माना डावी-उजवीकडे हलवत चरतात. पाणी पुन्हा चढले की तीच जागा बदकांची होते. येथील पक्षिजीवनाचे वेळापत्रक असे बऱ्याच अंशी कालव्याच्या वेळापत्रकावर चालते.

पक्षी व इतर जीव : रामसर नोंदीत एकूण ५३६ जातींचा उल्लेख आहे. त्यांत पक्ष्यांच्या जाती अडीचशेच्या वर आहेत. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, क्रौंच हे पाहुणे येतात. वारकरी, हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, चित्रबलाक हे नेहमीचे. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी या जागेला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटल्याचे सांगितले जाते. ही तुलना वाटते त्याहून खोल आहे. राजस्थानातील भरतपूरच्या पक्षी उद्यानाची दलदलही बांध घालून झालेली आहे व तिचे केवलादेव हे नावही आतल्या शिवमंदिरावरूनच आले आहे.

रामसर नोंदीतील देवळाली येथील छोट्या माशाचा (पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रॅटेरी) उल्लेख जपून घ्यावा. या प्रजातीचे मासे वेगाने वाहणाऱ्या, खडकाळ ओढ्यांना धरून राहतात. त्यामुळे त्याचे खरे घर वरच्या प्रवाहांत शोधायला हवे. अतिसंकटग्रस्त गिधाडांचाही या नोंदीत समावेश आहे. उसात बिबट्याचा वावर असतो व निफाडच्या शेतकऱ्याला तो चांगला परिचित आहे.

प्रश्न : नाशिक शहराचे सांडपाणी, शेतातून वाहून येणारी खते व जलपर्णी हे येथील कायमचे प्रश्न. गाळाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. रामसर नोंद या पाणथळ जागेला पूर सोसणारी ढाल म्हणते. वरच्या अंगाच्या सायखेडा-चांदोरीच्या लोकांचा अनुभव वेगळा आहे. गोदेला पूर आला की पाणी त्यांच्या बाजारपेठेत शिरते. बंधाऱ्याचा फुगवटा व साचलेला गाळ हे त्याचे एक कारण असल्याचे ते सांगतात. त्यांची तक्रार खरी मानूनच उपाय शोधायला हवा. सरसकट गाळ उपसला तर चिखलपट्टे जातील आणि त्यांवर चरणारे पक्षीही जातील. मुख्य प्रवाहाची वाट मोकळी करून काठचे उथळ भाग तसेच ठेवणे, हा त्यातल्या त्यात कमी नुकसानीचा मार्ग दिसतो.

चापडगाव येथे निरीक्षण मनोरे आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, सूर्य वर येण्याआधी तेथे पोहोचावे.