हेलेन (हेलसिंकी)

हेलेन : फिनलंडची राजधानी हेलसिंकी हिला वीज आणि उष्णता पुरवणारी कंपनी. मालकी पूर्णपणे शहराची. १९०९ मध्ये शहराचे वीजखाते म्हणून सुरुवात झाली. १९९५ पासून ‘हेलसिंगिन एनर्गिया’ हे नाव होते आणि २०१५ मध्ये खात्याची कंपनी झाली. शहरातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती तिच्या नळांतून येणाऱ्या गरम पाण्यावर उबदार राहतात. वीज विकणाऱ्या कंपन्या जगात पुष्कळ आहेत. हेलेनचे खरे महत्त्व या उष्णतापुरवठ्यात आहे.

कोळशावरच्या साध्या वीजकेंद्रात इंधनातली निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते. चंद्रपूर, कोराडीच्या मनोऱ्यांतून वर जाणारे पांढरे ढग हे त्याचेच दृश्य रूप. आपल्याकडे त्या उष्णतेला गिऱ्हाईक नाही. हेलसिंकीत मात्र साधारण सप्टेंबरपासून मेपर्यंत घरे तापवावी लागतात. म्हणून टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेने पाणी तापवायचे आणि ते शहरभर फिरवायचे, असा मार्ग १९५७ मध्ये स्वीकारला गेला. वीज आणि उष्णतेच्या या सहनिर्मितीत इंधनातल्या ऊर्जेचा सुमारे नव्वद टक्के भाग कामी येतो.

रस्त्याखाली शेजारी शेजारी दोन नळ असतात. एकातून गरम पाणी येते, दुसऱ्यातून निवलेले परत जाते. बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचे तापमान ६५ ते ११५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवतात. कडाक्याच्या थंडीत ते चढते. हे पाणी घरातल्या नळाला कधीच येत नाही. इमारतीच्या तळघरात उष्णता विनिमयक असतो. त्याच्या पातळ पत्र्यांच्या एका बाजूने कंपनीचे पाणी आणि दुसऱ्या बाजूने इमारतीचे पाणी वाहते. उष्णता तेवढी पलीकडे जाते. गळती चटकन कळावी म्हणून नळांच्या जाळ्यातल्या पाण्यात हिरवा रंग मिसळण्याची पद्धत आहे. नळातून हिरवट पाणी आले, की विनिमयक फुटला हे कोणालाही समजते. बिल सहसा इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेला येते आणि रहिवासी ते मासिक देखभाल शुल्कातून भरतात. वीज ज्याने त्याने हव्या त्या कंपनीकडून घ्यावी. शहरातल्या तारा मात्र हेलेनच्या उपकंपनीच्याच.

कित्येक दशके हे सारे मुख्यतः कोळशावर चालले. हानासारी केंद्राबाहेर शहराच्या ऐन मध्यात कोळशाचा उघडा ढीग दिसे. साल्मिसारी केंद्रात तो खडकात खोल कोरलेल्या कोठारांत साठवला जाई. नंतर वुओसारीला नैसर्गिक वायूवरची केंद्रे आली. हानासारी १ एप्रिल २०२३ रोजी बंद झाले, साल्मिसारीतला कोळसा १ एप्रिल २०२५ रोजी. देशात कोळशावरच्या ऊर्जानिर्मितीला कायद्याने मे २०२९ पासून बंदी आहे. हेलेनने त्याच्या चार वर्षे आधीच तो सोडला.

हे जमले ते नळांच्या जाळ्यामुळे. घरोघरी वेगळे बॉयलर असते, तर हजारो तळघरांत काम करावे लागले असते. इथे उष्णतेचा उगम बदलला की सगळ्या शहराचे इंधन बदलते, आणि रहिवाशाला रेडिएटरला हातही लावावा लागत नाही.

नव्या उगमांत सर्वांत लक्षणीय म्हणजे ‘कात्री वाला’ नावाच्या उद्यानाखालचे उष्णता पंप केंद्र. ते २००६ मध्ये सुरू झाले. शहराचे सांडपाणी शुद्ध होऊन बोगद्यातून समुद्राकडे जाते, तेव्हाही त्यात काही अंश ऊब उरलेली असते. पंप ती काढून घेतात आणि विजेच्या जोरावर नळांना साजेशा तापमानापर्यंत चढवतात. कंपनी १९९८ पासून कार्यालये आणि दुकानांना थंड पाणीही पुरवते. उन्हाळ्यात तिथून परतणाऱ्या पाण्यातली उष्णता हेच पंप शोषून घेतात आणि ती लोकांच्या न्हाणीघरांपर्यंत पोहोचते. माहिती-केंद्रांतल्या (डेटा सेंटर) संगणकांची उष्णताही अशीच जाळ्यात येते.

मुस्तिक्कामा बेटाखाली पूर्वी खनिज तेल साठवण्याच्या गुहा होत्या. त्यांत आता गरम पाणी भरलेले असते : सुमारे २,६०,००० घनमीटर, म्हणजे साधारण ११.६ गिगावॅट-तास उष्णता (एक गिगावॅट-तास म्हणजे वीजबिलातली दहा लाख युनिटे). वीज स्वस्त असताना पंप आणि विद्युत बॉयलर चालवून ही उष्णता साठवता येते आणि थंडी वाढली की वापरता येते. एकेकाळी उष्णतेबरोबर वीज तयार करणारी ही कंपनी आता उष्णतेसाठी स्वतःच विजेची मोठी ग्राहक बनत चालली आहे.

वुओसारीला लाकडाच्या तुकड्यांवर चालणारे जैवऊर्जा केंद्रही आहे. त्याबद्दल पर्यावरणवाद्यांचे आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत : तोडलेले जंगल पुन्हा वाढायला दशके लागतात, धूर मात्र आजच हवेत जातो. हेलेनचा स्वतःचा कलही ज्वलनापासून दूर जाण्याकडे आहे. छोट्या अणुभट्टीतून शहराला उष्णता देण्याची चाचपणी कंपनीने सुरू केली आहे.