लेफ्टनंट, पण कुणाचा? द रॉयटरच्या पदामागचा गुंता

डच म्हटलं की आपल्याला वेंगुर्ल्याची वखार आठवते. ती डच ईस्ट इंडिया कंपनीची. डच आरमाराचा सेनानी मिखिल द रॉयटर (१६०७–१६७६) मात्र कंपनीचा चाकर कधीच नव्हता. अकराव्या वर्षी तांडेलाच्या हाताखालचा पोऱ्या म्हणून तो जहाजावर चढला, व्यापारात पैसा मिळवला आणि सरकारी आरमारात कायमचा रुळला तो चाळिशी उलटल्यावर. मेडवे नदीत घुसून इंग्रजांचं ध्वजजहाज ओढून नेलं (१६६७) ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून ती सोडतो. खरी गोम त्याच्या पदात आहे.

हा माणूस ॲडमिरल कधीच झाला नाही. होता तो लेफ्टनंट-ॲडमिरल. आजच्या लष्करी कानांना हे दुय्यम वाटतं, पण इथे लेफ्टनंट म्हणजे मुतालिक. आरमाराचा खरा मानकरी ॲडमिरल-जनरल, आणि तो मान ऑरेंज घराण्यातल्या स्टॅडहोल्डरकडे, म्हणजे प्रांतांच्या मुख्य कारभाऱ्याकडे. समुद्रावर त्याच्या वतीने लढायचं ते लेफ्टनंटने. १६५० मध्ये स्टॅडहोल्डर वारला, वारस आठवड्याभराने जन्मला आणि बहुतेक प्रांतांनी ती जागा रिकामीच ठेवली, थेट १६७२ पर्यंत. म्हणजे मुतालिक आहे, धनीच नाही! ऑरेंज घराण्याच्या विरोधातल्या सत्ताधाऱ्यांना हे सोयीचंच होतं.

त्यात आरमारही एक नव्हतं. पाच स्वतंत्र मंडळं होती, त्यांतली तीन एकट्या हॉलंड प्रांतात. प्रत्येकाची जहाजं वेगळी, तिजोरी वेगळी, आणि प्रत्येकाला आपला लेफ्टनंट-ॲडमिरल हवा. आंग्र्यांच्या सरखेलीइतका सरळ मामला नव्हता हा.

या पार्श्वभूमीवर १६६५ चा निर्णय पाहावा लागतो. जूनमध्ये इंग्रजांविरुद्धच्या लोस्टॉफ्टच्या लढाईत सरसेनापती जहाजाच्या स्फोटात गेला. ताफा तात्पुरता सोपवला गेला एका नामांकित सेनानीच्या मुलाकडे: धाडसी, खलाशांचा लाडका आणि उघडपणे ऑरेंज पक्षाचा. द रॉयटर तेव्हा परतीच्या वाटेवर होता. पश्चिम आफ्रिकेतली ठाणी त्याने इंग्रजांकडून परत घेतली होती. गुलामांच्या व्यापारावर चालणारी ती ठाणी. गौरवगाथांमध्ये हा तपशील बराच काळ पातळ करून सांगितला जायचा. ऑगस्टमध्ये तो डेल्फझेलला पोचला आणि काही दिवसांतच नेमणूक फिरून त्याच्याकडे आली. तरुण सेनानी दुखावला. पुढच्या वर्षीच्या लढाईत तो शत्रूच्या पिछाडीमागे लांब निघून गेला, मुख्य ताफा एकटा पडला आणि शेवटी त्याला पदावरून काढण्यात आलं.

पक्षीय निवड होती का? होती. पण माझ्या मते निवड बरोबरच होती. द रॉयटर गटबाजीपासून शक्यतो लांब राहणारा, ताफा राखून लढणारा. दुसऱ्याला मैदान गाजवायची हौस होती.

१६७२ मध्ये राजकारण उलटलं. इंग्लंड आणि फ्रान्स एकदम चालून आले, सत्ताधारी द विट बंधूंना जमावाने हेगमध्ये ठार मारलं आणि त्यांचा माणूस समजल्या जाणाऱ्या द रॉयटरच्या घरावरही लोक चालून गेले. स्टॅडहोल्डर झालेल्या ऑरेंज घराण्यातल्या राजपुत्राने मात्र त्याला हटवलं नाही. उलट १६७३ मध्ये खास त्याच्यासाठी लेफ्टनंट-ॲडमिरल-जनरल हे लांबलचक पद आलं, म्हणजे पाच मंडळांच्या बरोबरीच्या लेफ्टनंटांवर एक. जुना प्रतिस्पर्धीही समेट करून परतला. त्या उन्हाळ्यात स्कोनेव्हेल्डच्या उथळ पाण्यात दोनदा आणि टेक्सेलजवळ एकदा द रॉयटरने संख्येने मोठा संयुक्त ताफा रोखला. शत्रूला किनाऱ्यावर सैन्य उतरवता आलं नाही.

एवढं करूनही १६७५ मध्ये त्याला अठरा युद्धनौका देऊन भूमध्य समुद्रात पाठवलं. ताफा अपुरा आहे, असं त्याने सांगितलं, तर म्हातारपणी धीर सुटला का, असं त्यालाच विचारण्यात आलं. तो गेला. एप्रिल १६७६ मध्ये सिसिलीजवळ तोफगोळ्याने त्याचा पाय निकामी झाला आणि आठवड्याभरात सिराक्यूजला तो वारला. मार्च १६७७ मध्ये ॲमस्टरडॅमला सरकारी इतमामाने दफन झालं.

पदाचं नाव टिकलं. डच नौदलातला चार ताऱ्यांचा अधिकारी आजही लेफ्टनंट-ॲडमिरलच म्हणवतो.