आहेराची वही आणि मनाची टोचणी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी घरांत लग्नसराई सुरू झाली, की पत्रिकांच्या गठ्ठ्याबरोबर कपाटातली आहेराची जुनी वहीही बाहेर निघते. कोणत्या गावच्या पाहुण्यांनी ५०१ रुपये घातले होते आणि कोणी साडी नेसवली होती, हे तीत बोट फिरवत पाहिले जाते आणि मगच आपला आहेर ठरतो. अंगात ताप असला, तरी ‘गेलो नाही तर बरे दिसणार नाही’ या एका वाक्यावर माणूस बस पकडतो.

घेतल्याची परतफेड करावी, हा नियम जवळपास सर्वच समाजांत आढळतो, असे समाजशास्त्रज्ञ आल्विन गूल्डनर यांनी १९६० मध्ये मांडले. त्याची ताकद १९७१ मध्ये डेनिस रीगन यांच्या प्रयोगात दिसली. सहभागी विद्यार्थ्यासोबत बसलेला दुसरा ‘विद्यार्थी’ प्रत्यक्षात संशोधकांचाच माणूस होता. तो मध्येच बाहेर जाऊन, कोणी मागितलेले नसताना, दोघांसाठी कोका-कोला घेऊन येई आणि थोड्या वेळाने सोडतीची तिकिटे घेण्याची गळ घाली. ज्यांना पेय मिळाले होते, त्यांनी इतरांच्या सुमारे दुप्पट तिकिटे घेतली, आणि यामागे त्या माणसाविषयीच्या आवडीपेक्षा उपकाराचे दडपणच अधिक होते. न मागितलेला उपकारही आपल्याला बांधून घालतो, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

प्रत्येक टोचणी वाईट नसते. आपल्या हातून कोणाचे खरोखर नुकसान झाले असेल, तर तीच आपल्याला क्षमा मागायला आणि झालेले निस्तरायला लावते. मात्र कोणाचे काहीही बिघडलेले नसताना ती कायम राहिली, तर काय होते? रिचर्ड रायन आणि जेम्स कॉनेल यांनी १९८९ मध्ये शाळकरी मुलांचा अभ्यास केला, तेव्हा टोचणी टाळण्यासाठी अभ्यास करणारी आणि अभ्यासाचे मोल पटून तो करणारी, अशी दोन्ही प्रकारची मुले पालकांना सारखीच मेहनती वाटत होती. परंतु पहिल्या मुलांमध्ये चिंता अधिक होती आणि अपयश आले की ती अधिक खचत. सासू-सासऱ्यांच्या सेवेपासून गावच्या यात्रेतल्या पंगतीपर्यंत राबणाऱ्या कितीतरी बायकांचा ताण घरच्यांच्या ध्यानात येत नाही, त्याचे एक कारण मला यात दिसते.

नकाराची भीतीही आपण फुगवून घेतो. जूलियन गिव्ही आणि कॉलीन कर्क यांच्या २०२३ मधील प्रयोगांत, आमंत्रण नाकारणाऱ्यांना समोरचा जितका दुखावेल असे वाटले, तितका तो दुखावला नाही. कारण नाकारण्यापूर्वी त्या माणसाने किती विचार केला असेल, हे बोलावणारा लक्षात घेतो. त्यामुळे जमणार नसेल, तर लांबच्या नात्यातल्या लग्नाला खोटी सबब न सांगता, पत्रिका आली त्याच आठवड्यात फोन करून तसे कळवावे आणि सवडीने नवदांपत्याला घरी जेवायला बोलवावे.