रोयण कोण बांधतं? स्वयंसंघटनेच्या मॉडेलांची पार्श्वभूमी

गोव्यात सातेरीच्या अनेक जुन्या देवळांत मूर्तीच्या जागी रोयण पुजली जाते. रोयण म्हणजे वाळवीचं वारूळ. तांबड्या मातीची ही देवी कोणी घडवलेली नसते. ती जमिनीतून वर आलेली असते. पावसाळ्यात रानातल्या अशाच रोयणींवर अळमी (खाण्याची अळंबी) उगवते आणि पानांत बांधून रस्त्याकडेला विकायला येते. अळमीचं मूळ वारुळाच्या पोटात असतं. वाळवी पालापाचोळा, लाकूड चावून आत एका बुरशीची बाग लावते आणि त्यावर जगते.

कोणी आराखडा किंवा हुकूम न देता साध्या घटकांच्या आपसातल्या देवाणघेवाणीतून व्यवस्था उभी राहते, त्याला 'स्वयंसंघटन' म्हणतात. या विषयाचा इतिहास एरवी लेसर किंवा रासायनिक अभिक्रियांपासून सांगितला जातो. मला तो रोयणीपासून सांगावासा वाटतो, कारण या विषयातले मोठे प्रश्न तिच्यापाशीच पुन्हा पुन्हा येऊन थांबले आहेत. कामकरी वाळवी काही मिलिमीटरची, बहुतेक जातींत आंधळी. वारूळ मात्र माणसाच्या उंचीचं, आत दालनं आणि हवेच्या वाटा. मग आराखडा कोणाकडे असतो?

पहिलं उत्तर होतं, राणीकडे. पश्चिम आफ्रिकेतल्या वारुळांचं तपशीलवार वर्णन हेन्री स्मिथमन यांनी 1781 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवलं, त्यात 'राजा' आणि 'राणी' हे शब्द आहेत. नाव पडलं की कल्पना मागोमाग येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण आफ्रिकेतल्या युजीन मरे यांनी अख्खं वारूळ हा एकच देह मानला आणि राणीला त्याच्या मेंदूची जागा दिली. प्रत्यक्षात राणी अंडी घालते. बांधकामाचे हुकूम ती देत नाही.

दुसरं उत्तर 1959 मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ प्येर-पॉल ग्रासे यांनी दिलं. कामकरी वाळवी आणि माती एकत्र ठेवून ते नुसतं पाहत राहिले. सुरुवातीला मातीचे गोळे कुठेही पडतात. त्यातला एखादा ढीग योगायोगाने जरा मोठा होतो, तशी बाकीची वाळवी आपले गोळे तिथेच आणून टाकू लागते. ढिगाचा खांब होतो, आणि शेजारी दुसरा खांब असेल तर दोघे एकमेकांकडे झुकून कमान जुळते. कोणी कोणाला काही सांगत नाही; झालेलं कामच पुढचं काम सांगतं. याला ग्रासे यांनी 'स्टिग्मर्जी' असं नाव दिलं. पण हे सगळं शब्दांत होतं, गणित नव्हतं.

गणित दुसरीकडे तयार होत होतं. 'स्वयंसंघटित' हे विशेषण जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1790 मध्ये सजीवांसाठी वापरलं होतं आणि रॉस ॲशबी यांनी 1947 मध्ये ते यंत्रांच्या सिद्धांतात आणलं. 1900 मध्ये आंरी बेनार यांना खालून तापवलेल्या द्रवाच्या पातळ थरात षटकोनी कप्पे आपोआप उमटताना दिसले. ॲलन ट्युरिंग यांनी 1952 मध्ये दाखवलं की दोन रसायनं वेगवेगळ्या वेगाने पसरत आणि एकमेकांवर क्रिया करत असतील, तर एकसारख्या पृष्ठभागावरही ठिपके आणि पट्टे उमटू शकतात. ब्रसेल्समध्ये इल्या प्रिगोजिन यांच्या गटाने याच धाग्याला ऊर्जेच्या प्रवाहाची जोड दिली: बाहेरून सतत ऊर्जा मिळत राहिली तर अव्यवस्थेतून व्यवस्था उभी राहू शकते.

1977 मध्ये प्रिगोजिन यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ब्रसेल्सच्याच जाँ-लुई देनूबूर यांनी ग्रासे यांची वाळवी समीकरणांत आणली. माझ्या मते या कथेतलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल हेच. त्यांनी तीनच गोष्टी मोजायच्या ठरवल्या: गोळे घेऊन फिरणारी वाळवी, टाकलेली माती आणि त्या ताज्या मातीतून हवेत पसरणारा गंध. गंध दाट असेल तिकडे वाळवी वळते, तिथेच माती टाकते आणि गंध आणखी दाट होतो. एवढ्यावर कागदावर ठरावीक अंतराने खांब उभे राहिले.

पुढची वाट सुसाट होती. देनूबूर आणि सहकाऱ्यांनी मुंग्यांपुढे दोन पूल ठेवून तोच नियम, म्हणजे गंध दाट तिकडे वळायचं, तपासला. 1992 मध्ये मार्को दोरिगो यांनी त्यावरून सर्वांत जवळचा रस्ता शोधणारी संगणकीय पद्धत काढली. 1999 मध्ये आलेल्या 'नेटलोगो' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वाळवीचं एक छोटं मॉडेल आजही मिळतं. त्यात नियम इतकाच: भटकत राहा, लाकडाचा कपटा लागला तर उचला, दुसरा कपटा लागला की हातातला त्याच्याशेजारी ठेवा. सुरू केल्यावर पडदाभर विखुरलेले कपटे हळूहळू गोळा होऊ लागतात. पुष्कळ छोटे ढीग होतात, त्यांतले काही संपतात आणि शेवटी थोडेच उरतात. ढीग करा, असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. मराठी माध्यमाच्या मुलांनाही हे दाखवावं, त्यासाठी इंग्रजी यावं लागत नाही.

मात्र आकार जुळला म्हणजे कारणही सापडलं, असं होत नाही. वारुळातल्या हवेचंच पाहा. आतल्या उष्णतेने हवा वर चढते आणि कडेने खाली उतरते, असं मार्टिन ल्यूशर यांनी 1950च्या दशकात मांडलं, आणि ते पटण्याजोगं होतं. हंटर किंग, सॅम्युएल ओको आणि एल. महादेवन यांनी दक्षिण भारतात, आपल्याकडच्याच जातीच्या वारुळांत, हवेचा वेग प्रत्यक्ष मोजला. त्यांचा निबंध 2015 मध्ये आला. दिवसा बाहेरच्या पातळ पन्हाळी (वारुळाच्या कडेचे पोकळ उभे उंचवटे) आधी तापतात, त्यांतून हवा वर जाते आणि मधल्या पोकळीतून खाली येते. रात्री हे उलटतं, आणि दिवसभर साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वारूळ दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकावर श्वास घेतं.

गंधाचंही तेच झालं. देनूबूर यांच्या समीकरणांत गंध मध्यवर्ती होता, पण नव्या प्रयोगांनी त्याच्या भूमिकेवर शंका घेतली. 2019 मध्ये डॅनिएल कालोव्ही आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वाळवीच्या सुरुवातीच्या कामाला पृष्ठभागाचा बाक दिशा देतो. 2024 मध्ये जुलिओ फाक्किनी आणि सहकाऱ्यांनी त्यामागचं कारण बाष्पीभवनात शोधलं. ओल्या मातीच्या उंच, टोकदार भागांवरून पाणी लवकर उडतं, आणि वाळवी आपले गोळे तिथेच लावते. त्यांच्या मॉडेलात गंध नाही, तरी बांधकाम उभं राहतं.

पावसात उघडीप पडल्यावर रोयणीजवळ गेलात तर जुन्या, वाळलेल्या मातीवर कुठे कुठे नव्या मातीचे गडद, ओलसर डाग दिसतील. जवळ वाकून पाहिलं तर त्या डागांच्या कडेला एकेक गोळा वेगळा ओळखू येतो, दाण्याएवढा, तोंडातल्या ओलाव्याने चिकटवलेला.