फोटोबुक करायला येताना : फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका

काउंटरवर रोज तेच बोलून घसा बसायला लागला, म्हणून हे पत्रक छापलं आहे. ऑर्डर देण्याआधी एकदा वाचा. वाचून आलेल्या गिऱ्हाइकाचं पुस्तक आमच्याकडे पंधरा दिवसांत हातात पडतं. न वाचता आलेल्याचं दीड-दीड महिना लोंबकळतं आणि वर आम्हीच उशीर केला असं होतं.

फोटोबुक म्हणजे काय ते सांगत बसत नाही. लग्नातला करिझ्मा अल्बम, म्हणजे फोटो थेट पानांवर छापलेलं जाड पुस्तक, सगळ्यांनी मांडीवर घेऊन पाहिलेला असतो. आमचं काम त्याच जातीचं, फक्त लग्नाऐवजी चारधाम, अष्टविनायक, युरोपची टूर, वडिलांची पंचाहत्तरी, जुन्या वाड्यातले फोटो, आजीची वही. लग्नाचे अल्बम आम्ही घेत नाही, ते करणारे नाशकात भरपूर आहेत.

"फोटो व्हॉट्सॲप करतो, चालेल ना?"

नाही चालत. का ते एकदा नीट सांगतो.

साध्या मोबाईलने काढलेला बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके. तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की पलीकडे साधारण १६०० × १२०० पोहोचतो. बाकीचे ठिपके वाटेत गळतात. मोबाईलवर हे कळतच नाही, कारण मोबाईलचा पडदा वीतभर. तिथे दोन्ही फोटो सारखेच झकास दिसतात. "अहो, माझ्या फोनवर तर एकदम क्लिअर आहे," हे वाक्य आम्ही आठवड्यातून पाच वेळा ऐकतो. ते खरंही असतं.

कागदाचा हिशेब वेगळा आहे. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. २०० पर्यंत आम्ही सांभाळून घेतो. आमच्या १२ × १२ इंची पुस्तकात एक फोटो पानभर लावायचा, तर मूळ फोटोतून चौकोन कापून इंचाला २५० ठिपके मिळतात, म्हणजे काम झालं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून मिळतात १००. शंभरावर चेहरा पिठूळ होतो, नथ आणि नाक एक होतं, पैठणीच्या काठाचा नुसता पिवळा पट्टा राहतो. असा फोटो आम्ही फार तर पाच-सहा इंचांत लावतो. मग पुस्तक बघून तुम्ही म्हणता, "आईचा फोटो इतका बारका का केला?"

व्हॉट्सॲपवर 'एचडी'चं बटण आहे. त्याने बरंच सुधारतं, पण तोही मूळ फोटो नव्हे. आणि स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून आणू नका. तोही आणतात लोक.

ठिपक्यांचं एक झालं. दुसरं नुकसान कोणाच्या लक्षातच येत नाही. मूळ फोटोच्या पोटात तो कधी काढला ती तारीख आणि वेळ असते. लोकेशन चालू असेल तर ठिकाणसुद्धा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की हे सगळं पुसलं जातं. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो तुमच्याकडे आला त्या दिवसाची असते, काढल्याची नाही.

मागे एक कुटुंब चारधामचं पुस्तक करायला आलं. चौदा जण गेले होते. परत आल्यावर काकांनी एका रात्रीत सगळे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले, तिथून पुतणीने आम्हाला पाठवले. सहाशेच्या वर फोटो आणि सगळ्यांवर एकच तारीख. यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ हा क्रम आम्हाला ठाऊक आहे, आणि देवळं ओळखूही येतात. पण धर्मशाळेतली खोली कुठली? चहाची टपरी कुठली? बसमधला झोपलेल्या मामांचा फोटो जाताना की येताना? आमच्या डिझाइन करणाऱ्या मुलीने स्वेटरच्या रंगावरून दिवस लावले. अगदी खरं सांगतो, स्वेटरच्या रंगावरून. त्यात दोन मावश्यांनी बद्रीनाथला स्वेटर अदलाबदल केले होते, हे प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा नमुना, दाखवल्यावर कळलं. सगळी पानं पुन्हा.

त्याच पुस्तकात केदारनाथच्या देवळासमोर आजींचा एकटीचा एकच फोटो होता, तो पानभर हवा होता आणि आमच्याकडे आलेला होता १६०० ठिपक्यांचा. "मूळ फोटो डिलीट झाला," असं सगळे म्हणाले. शेवटी आम्ही विचारलं, हा काढला कोणी? तर पुण्याला शिकणाऱ्या नातवाने. त्याच्या फोनमध्ये तो जसाच्या तसा होता, फक्त त्याला कोणी विचारलं नव्हतं.

म्हणून एक युक्ती सांगून ठेवतो. मूळ फोटो सापडत नसेल, तर जो माणूस त्या फोटोत दिसत नाही त्याला विचारा. बहुतेक वेळा काढणारा तोच असतो.

मग आणायचे कसे

सर्वात उत्तम, फोन घेऊन दुकानात या. केबल लावून आम्ही समोरच उतरवून घेतो, दहा-पंधरा मिनिटांचं काम, त्याचे पैसे नाहीत. पेनड्राइव्हही चालेल. गुगल फोटोजमध्ये असतील तर अल्बम करून त्याची लिंक पाठवा. तिथे 'स्टोरेज सेव्हर' (जागा वाचवायची सोय) चालू असलं तरी आमच्या कामाला अडचण नाही, कारण त्यात १६ मेगापिक्सेलपर्यंतच्या फोटोचं माप लहान होत नाही. आयफोनचे फोटो आहेत तसेच आणा, कुठल्या ॲपमधून बदलून आणू नका, आमच्याकडे उघडतात.

परगावचे किंवा परदेशातले फोटो असतील आणि व्हॉट्सॲपशिवाय इलाजच नसेल, तर फोटो 'गॅलरी'तून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तीच पिन दाबायची, फक्त गॅलरीऐवजी डॉक्युमेंट निवडायचं. तसा पाठवला की ठिपके आणि तारीख दोन्ही शाबूत येतात. अमेरिकेतल्या मुलांना हे एकदा समजावलं की जमतं. इथल्या काकांना दोनदा सांगावं लागतं.

किती आणायचे

वडिलांचा रविवार कारंज्याजवळ फोटो स्टुडिओ होता. २००३ च्या सिंहस्थात लोक ३६ फोटोंचा एक रोल घेऊन रामकुंडावर जायचे आणि त्यात घाट, साधू, सासूबाई सगळं बसवायचे. २०१५ च्या सिंहस्थात तेच लोक मोबाईल घेऊन गेले आणि माणशी पाचशे फोटो घेऊन आले. रोलच्या काळात बटण दाबण्याआधी विचार व्हायचा, आता तो दाबल्यानंतर करावा लागतो. आणि तो करायला कोणाला सवड नसते, म्हणून अठराशे फोटो आमच्या टेबलावर येतात.

४० पानी पुस्तकात शंभर-सव्वाशे फोटो सुखाने बसतात. तुम्ही दीडशे निवडून आणा, त्यातून आम्ही काढू. निवडीचं कामही आम्ही करतो, त्याचा दर दरपत्रकात आहे. पण डोळे मिटलेला फोटो बाजूला काढणं आम्हाला जमतं. डोळे मिटलेल्या त्या आत्या सहा महिन्यांनी गेल्या आणि तो त्यांचा शेवटचा फोटो आहे, हे आम्हाला कळायला मार्ग नाही. निवड घरी झालेली बरी.

नावं आणि वही

नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडे कधी गेला असाल तर पाहिलं असेल. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते बासनातून वही काढतात, आणि पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, हे त्यांच्याच अक्षरात समोर येतं. त्या वहीत एकही फोटो नसतो, तरी माणूस गहिवरतो. उलट आमच्याकडे हजार फोटो येतात आणि मागच्या रांगेतला टोपीवाला कोण, ते घरात कोणालाच सांगता येत नाही.

तेव्हा फोटोंबरोबर नावांचा एक कागद द्या. प्रवासाला निघणार असाल तर शंभर पानी साधी वही बरोबर न्या आणि रात्री झोपण्याआधी चार ओळी लिहा. देवळाचं वर्णन लिहू नका, ते सगळीकडे मिळतं. काय खाल्लं, कोण रुसलं, खोलीचं भाडं किती पडलं, ड्रायव्हरचं नाव काय, हे लिहा. नर्मदा परिक्रमा पायी करून आलेल्या एक आजी आमच्याकडे वही घेऊन आल्या होत्या. त्यात एका पानावर एवढंच होतं : "आज कुणीतरी ताक दिले. नाव विचारायचे राहिले." फोटो त्यांच्याकडे मोजून अकरा होते. पुस्तक ऐंशी पानांचं झालं, आणि आतापर्यंत केलेल्यांत आम्हाला ते सर्वात आवडतं.

अशी वही आली तर मजकूर टाइप करून घेण्यापेक्षा पानंच स्कॅन करून छापावीत असं आम्ही सुचवतो. त्याला खर्च थोडा जास्त येतो हे खरं. पण आजींचं अक्षर, खोडलेली ओळ, पानावर पडलेला चहाचा डाग टाइपात येत नाही. शुद्धलेखन आम्ही सुधारत नाही. पणजोबांची मोडीतली पत्रं असतील तर डाव्या पानावर पत्र आणि उजव्या पानावर देवनागरी असं लावता येतं. देवनागरी मात्र जाणकाराकडून करून आणा.

तिकिटं, पावत्या जपून ठेवत असाल तर एक ध्यानात घ्या. एसटीची जुनी, कंडक्टर पंच मारून द्यायचा ती रंगीत तिकिटं आजही वाचता येतात. मशीनमधून निघणारं तिकीट, हॉटेलचं बिल, एटीएमची पावती यांचा कागद उष्णतेवर छापणारा असतो, त्यावरची अक्षरं आपोआप उडतात. दोन-तीन उन्हाळ्यांनी कोरा कागद हातात येतो. त्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवा.

जुने फोटो

काळ्या पानांचे, कोपरे लावलेले अल्बम बहुधा ठणठणीत असतात. त्रास देतात ते नंतर आलेले, पारदर्शक कागद उचलून फोटो चिकटवायचे अल्बम. त्यातला गोंद पिवळा पडतो आणि फोटो पानाला कायमचा धरतो. तो नखाने किंवा पट्टीने ओढू नका. आम्ही दात साफ करायच्या बारीक दोऱ्याने हळूहळू सोडवतो. सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करतो. अल्बम आहे तसा आणा, एवढंच.

फाटका फोटो लॅमिनेट करून आणू नका. लॅमिनेशन निघत नाही, आणि स्कॅन करताना चमक मारतं. सेलोटेपही नको. मागे बॉलपेनने नाव लिहिलं तर पुढे चेहऱ्यावर उठतं. मऊ शिसपेन्सिलने, कडेला, अगदी हलक्या हाताने लिहावं, वडील तसंच लिहायचे. आणि निगेटिव्ह सापडल्या तर फेकू नका. फोटो विटला असेल तरी निगेटिव्हवरून तो पुष्कळ बरा निघतो. डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर मात्र उशीर न करता लगेच आणा, फिल्म खराब व्हायला लागलेली असते.

जुने फोटो आम्ही ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके घेऊन, स्कॅन करतो. ४ × ६ इंचांचा फोटो मग दुपटीने मोठा छापला तरी इंचाला ३०० ठिपके राहतात. मोबाईलने फोटोचा फोटो काढून पाठवला तर त्यात ट्यूबलाइटची रेघ येतेच. फोटो आमच्याकडे ठेवायचे नसतील तर समोर बसून स्कॅन करून घ्या. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी गर्दी कमी असते.

आम्ही "नाही" म्हणतो तेव्हा

एखाद्या ॲपमधून 'क्लिअर' करून आणलेले जुने चेहरे आम्ही छापायला का कू करतो, म्हणून काही जण नाराज होतात. ते ॲप आजोबांचा चेहरा साफ करत नाही, अंदाजाने नवा काढतं. डोळे तेजस्वी होतात, दात सरळ होतात, आणि आजोबा दुसऱ्याच कोणाचे तरी दिसायला लागतात. धूळ, चरे, डाग आम्ही हाताने काढतो, चेहऱ्याला हात लावत नाही. तरीही तसाच हवा असेल तर छापून देऊ, पण मूळ फोटोही शेजारी लावू.

प्रूफ एकाच माणसाने पास करायचं, हाही नियम कडक आहे. आधी तसा नव्हता. मग सुनेने पास केलेलं पान नणंदेने बदललं आणि छापून झाल्यावर सासऱ्यांना स्वतःच्याच नावाच्या आधी 'कै.' छापलेलं दिसलं. आता ऑर्डर फॉर्मवर एकाचं नाव आणि सही घेतो. दोन वेळा दुरुस्ती मोफत, तिसऱ्या वेळेपासून पानाला ३० रुपये. घरात आधी बसून ठरवा, भांडायचं असेल तर प्रूफवर भांडा, छापल्यावर नाही. निम्मी रक्कम आगाऊ लागते, कारण तुमच्या घरच्या फोटोंचं पुस्तक आम्ही दुसऱ्या कोणाला विकू शकत नाही.

तयार फाइल आम्ही वर्षभर ठेवतो, त्या मुदतीत दुसरी प्रत नुसत्या छपाईच्या दरात मिळते. बहिणीला एक, मुंबईच्या काकांना एक असं लोक नंतर मागतातच. तेव्हा पहिल्याच वेळी मोजून सांगितलंत तर आणखी स्वस्त पडेल.

दिवाळीच्या आधी हवं असेल तर नवरात्र बसायच्या आत फोटो द्या. रविवारी दुकान दुपारी दोनपर्यंत उघडं असतं. येताना फोन चार्ज करून आणा, आणि त्याचा पासवर्ड ज्याला माहीत आहे त्यालाही.