धोका डॉक्टरांना माहीत होता, आईला नाही

डिलिव्हरीत बाळाचं डोकं बाहेर आलं की सुटलो असं वाटतं, पण कधीकधी त्यानंतर खांदा आईच्या ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागे अडकतो. डॉक्टर याला शोल्डर डिस्टोशिया म्हणतात. नाळ दाबली जाऊ शकते, छाती आत आवळलेली असल्यामुळे बाळाला श्वास घेता येत नाही आणि हातात मोजकी मिनिटं उरतात. आईला डायबेटिस असेल तर बाळ अंगाने मोठं, खांदे रुंद असायची शक्यता जास्त, म्हणून तिथे हा धोकाही जास्त.

स्कॉटलंडच्या नदीन मॉन्टगोमेरी यांना डायबेटिस होता, उंचीही कमी, आणि एवढं मोठं बाळ नॉर्मल होईल का ही काळजी त्यांनी डॉक्टरांकडे बोलूनही दाखवली होती. खांदा अडकायचा धोका ९ ते १० टक्के. पण डॉक्टरांनी तो सांगितलाच नाही, कारण सांगितलं तर बायका सिझरच मागतील असं त्यांना वाटायचं. १९९९ मध्ये डिलिव्हरीच्या वेळी बाळ १२ मिनिटं अडकून राहिलं, त्याला सेरेब्रल पाल्सी झाली, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर कायमचा परिणाम झाला. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने आईच्या बाजूने निकाल दिला: त्या पेशंटच्या जागी असलेल्या माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगायलाच हवा, आणि दुसरे पर्यायही.

मला यात डॉक्टरांचं ते कारणच सगळ्यात खटकतं. सिझरबद्दलची त्यांची काळजी खोटी नाही हो, ते पोट उघडून केलेलं मोठं ऑपरेशन आहे, पुढच्या प्रेग्नन्सीत वार (प्लासेंटा) जुन्या व्रणात रुतून बसायचा धोका वाढतो, मग हेही सांगा ना, दोन्ही बाजू सांगा आणि तिला ठरवू द्या.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. १९८७ मध्ये वॉशिंग्टनला कॅन्सरने अत्यवस्थ असलेल्या, २६ आठवड्यांच्या गरोदर अँजेला कार्डर यांचं सिझर कोर्टाच्या हुकमाने केलं गेलं, त्यांची संमती नसताना. बाळ काही तासांतच गेलं, दोन दिवसांनी त्याही गेल्या. १९९० मध्ये वरच्या कोर्टाने तो हुकूम चुकीचा ठरवला.

आणि हे सगळं बोलायची वेळ लेबर रूममधली नव्हेच. दर दोन-तीन मिनिटांनी कळ येत असताना पुढे केलेल्या फॉर्मवर बाई काहीही विचार न करता सही करते, तिला फक्त सुटायचं असतं. शेवटच्या महिन्यांतल्या चेकअपला, ती शांतपणे बसलेली असताना, माझ्या केसमध्ये काय काय अडू शकतं आणि तेव्हा तुम्ही काय कराल, हे विचारायला आणि सांगायला दहा मिनिटं पुरतात.